बंद जेट स्की ओढायची, पळवायची नाही

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं गगनबावड्यावरून उतरून देवबागला गेलो होतो. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं जेट स्कीवरून फेरी मारून आणणारे उभे असतात. त्यातली एक जेट स्की संगमाच्या पलीकडं बंद पडली. मदतीला स्पीडबोट आली, दोर बांधला गेला आणि जेट स्की अशी सुसाट ओढत आणली की किनाऱ्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बिघाड शोधायला गेले तर टाकीत पेट्रोलच नव्हतं. पेट्रोल ओतलं, स्टार्टरचं बटण दाबलं. 'टक्' असा एकच आवाज आला आणि पुढं काही नाही. तासाभरानं प्लग काढले, तर प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली.

म्हणजे पेट्रोल संपल्यानं जेट स्की नुसती थांबली होती. इंजिनाची वाट लागली ती वाचवताना.

आमच्यातला एकजण कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. इंजिनं खोलण्यात त्याची वीस वर्षं गेलीत. तो परतीच्या वाटेवर घाट संपेपर्यंत एकच विचारत होता, "इंजिन बंद हाय भावा, मग पाणी आत वढलं कुणी?"

प्रश्न बरोबर होता, फक्त त्यातलं एक क्रियापद चुकलं होतं. पाणी कुणी ओढलं नव्हतं, ते ढकललं गेलं होतं.

आधी एका शब्दाचा घोळ

'इंजिन फ्लड झालं' हे वाक्य गॅरेजमध्ये दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे पेट्रोल जास्त होणं. जुन्या स्कूटरचा चोक ओढून दहा किका मारल्या की प्लग ओला व्हायचा, तो प्रकार. तो त्रासदायक असतो, पण जीवघेणा नाही. प्लग पुसला, थोडा वेळ थांबलं की गाडी सुरू. दुसरा अर्थ म्हणजे सिलिंडरमध्ये चक्क पाणी शिरणं. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

जेट स्की म्हणजे तरंगणारा शेतीपंप

'जेट स्की' हे खरं तर कावासाकी कंपनीचं नाव. १९७३ च्या सुमारास त्यांनी हे वाहन बाजारात आणलं आणि डालडासारखं ते नाव सगळ्यांनाच चिकटलं. यामाहाची असो की सी-डू असो, आपण तिला जेट स्कीच म्हणतो.

हँडल आणि सीट बघून ती पाण्यावरची मोटरसायकल वाटते. आतली यंत्रणा मात्र पंचगंगेच्या काठावर बसवलेल्या पंपासारखी आहे. बुडाला एक जाळी असते, तिच्यातून पाणी आत येतं. आत एक पंखा असतो, त्याला इंपेलर म्हणतात. इंजिन तो फिरवतं, पंखा पाणी जोरात मागं फेकतो आणि त्या धक्क्यानं जेट स्की पुढं जाते.

आता ज्यांच्या घरी जुनं पाण्यानं थंड होणारं डिझेल इंजिन होतं त्यांनी आठवावं. पंपाच्या डिलिव्हरीला एक बारीक पाइप जोडलेला असायचा. थोडं पाणी त्यातून इंजिनाकडं जायचं, इंजिनाच्या अंगातून फिरून गरम होऊन बाहेर पाटात पडायचं. वेगळा कूलिंग पंप नाही, रेडिएटर नाही. पंप फिरतोय तोवर इंजिन थंड.

बहुतेक जेट स्कींमध्ये हीच युक्ती आहे. जिथं पाण्याला दाब असतो तिथून, म्हणजे पंपातून, एक रबरी पाइप निघतो. तो इंजिनाला आणि एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीला, पाणी पुरवतो. हा पाइप लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

एक्झॉस्टमध्ये मुद्दाम पाणी सोडतात

हे ऐकून माझा मित्र दचकला, आणि दचकायलाच हवं. मोटरसायकलचा सायलेन्सर तापला तर वाऱ्यावर थंड होतो. जेट स्कीचं इंजिन मात्र फायबरच्या बंद खोक्यात असतं. आजूबाजूला रबराचे पाइप, शेजारी पेट्रोलची टाकी. तिथं लाल होईपर्यंत तापणारा एक्झॉस्ट चालणारच नाही. म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवतात आणि शेवटी ते पाणी धुरातच मिसळून देतात. धूर थंड होतो, आवाजही बसतो.

धूर आणि पाणी मिळून एका डब्यात येतात. त्याला वॉटरबॉक्स म्हणतात. तो म्हणजे पाण्याचा सायलेन्सर. मोरीच्या ट्रॅपमध्ये जसं थोडं पाणी कायम साचलेलं असतं, तसं इथंही असतं. इंजिन चालू असताना धूर इतक्या जोरात येतो की तो ते पाणी ढकलून बाहेर टाकत राहतो. जेट स्की चालू असली की मागून धुराबरोबर पाणी थुंकत असते, ते हेच.

थोडक्यात, पाणी आत आणतो पंप आणि बाहेर काढतो धूर. दोघांनाही चालवतं इंजिन, म्हणून हिशोब जुळतो.

दोर बांधल्यावर हिशोब बिघडतो

इंजिन बंद आहे, पंखा फिरत नाही. पण जेट स्की पाण्यातून पुढं जातेय आणि बुडाची जाळी उघडीच आहे. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पंजा वाऱ्याला आडवा धरला की हात मागं रेटला जातो ना? वारा आपल्या अंगावर येतो की आपण वाऱ्यावर जातो, हाताला फरक पडत नाही. तसंच इथं. ओढल्या जाणाऱ्या जेट स्कीच्या पंपात पाणी वेगानं घुसतं. बरंचसं मागच्या नळीतून निघून जातं, पण थोडं त्या रबरी पाइपात चढतं. पाइपाला काय कळतंय की पाणी पंख्यानं पाठवलं की दोरानं?

तिथून ते नेहमीच्या वाटेनं इंजिनाच्या अंगातून एक्झॉस्टमध्ये आणि वॉटरबॉक्समध्ये येतं. फरक एवढाच की आता ते बाहेर ढकलायला धूर नाही. डबा भरत जातो. डबा भरला की पाणी एक्झॉस्टच्या वाटेनं उलटं इंजिनाकडं सरकतं.

"पण व्हॉल्व्ह बंद असतील की," मित्र म्हणाला. सगळे नसतात. इंजिन थांबतं तेव्हा प्रत्येक पिस्टन वेगळ्या जागी असतो. तीन-चार सिलिंडरचं इंजिन असेल, तर त्यातल्या एखाद्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असण्याची शक्यता दाट. जुन्या टू-स्ट्रोक जेट स्कीला तर तिथं व्हॉल्व्हच नसतो, सिलिंडरच्या भिंतीला भोक असतं. पाण्याला एवढी फट पुरते.

ताशी ८ किलोमीटर हा आकडा कुठून आला?

यामाहाच्या माहितीपुस्तिकांत बंद पडलेली जेट स्की ताशी ८ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं ओढू नका असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे रंकाळ्यावर सकाळी कुणी हळू धावत असेल, तो वेग. बहुतेकांना हा अतिसावधपणा वाटतो. मलाही वाटला होता, मग कागद-पेन घेऊन बसलो.

वाहतं पाणी आपल्या वेगाच्या जोरावर किती उंच चढू शकतं, याचं गणित शाळेतलंच आहे. वेगाचा वर्ग घ्यायचा आणि गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीनं भागायचं. ताशी ८ किलोमीटरला उत्तर येतं २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटं. ताशी २४ किलोमीटरला येतं सव्वादोन मीटरच्या पुढं, तालमीतल्या उंच पैलवानाच्या डोक्यावरून. ताशी ४० ला सहा मीटरच्या वर, दुमजली घराएवढं.

वेग तिप्पट केला की जोर नऊपट होतो, ही गोम आहे. प्रत्यक्षात पाणी मागूनही निसटत असल्यानं पाइपात एवढा पूर्ण जोर येत नाही. हे जास्तीत जास्तीचे आकडे आहेत. पण त्यावरून एवढं समजतं की ८ ला पाणी पाइपात थोडं चढून घुटमळतं आणि २४ ला ते सगळी वळणं पार करून डबा भरून टाकतं. देवबागला ती स्पीडबोट किती वेगात होती कोण जाणे, पण आमच्या एसटीपेक्षा फार कमी नसावी.

आणखी एक बारकावा. हा वेग जमिनीच्या नव्हे, पाण्याच्या हिशोबानं मोजायचा. ओहोटी लागलेली असेल आणि संगमातून पाणी ताशी ४ किलोमीटरनं समुद्राकडं धावत असेल, तर त्याच्या उलट दिशेनं ताशी ८ नं ओढणं म्हणजे जाळीच्या दृष्टीनं ताशी १२. मोबाइलवर दिसणारा वेग इथं फसवतो.

अर्धा कटिंग पाणी पुरतं

इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज घ्या. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबा. आत हवा असेल तर दट्ट्या बराच आत जातो, कारण हवा दबते. आता पाणी भरून तसंच करा. दट्ट्या हलणार नाही.

पिस्टन म्हणजे तो दट्ट्या. समजा हजार सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. एका सिलिंडरच्या वाट्याला आले ३३३ सीसी. पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर किती जागा उरते? दहास एक असं दाबाचं प्रमाण धरलं, म्हणजे पिस्टन खाली असताना दहा वाटे जागा आणि वर असताना एक, तर साधारण ३७ मिलिलिटर. कटिंग चहाचा अर्धा ग्लास. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. याला हायड्रोलॉक म्हणतात, मेकॅनिकच्या भाषेत 'इंजिन लॉक झालं'.

स्टार्टरनं फिरवताना पिस्टन नुसता पाण्याला टेकून थांबला आणि 'टक्' झालं, तर नशीब चांगलं. पण एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी आणि बाकीचे पेटले, तर त्यांचा सगळा जोर पाण्यावर अडकलेल्या त्या एका पिस्टनवर येतो. मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो, क्वचित ब्लॉक फोडून बाहेर येतो. पाणी खारं असेल तर गंजाचं वेगळंच.

मग ओढायची कशी?

पहिला उपाय स्वस्त आणि साधा आहे. पंपाकडून इंजिनाकडं पाणी नेणारा तो रबरी पाइप दाबून बंद करायचा. त्यासाठी प्लास्टिकचा चिमट्यासारखा क्लॅम्प मिळतो. तो नसेल तर पाइपाभोवती जाड कापड गुंडाळून लॉक होणारी पक्कड लावता येते, मात्र पाइप चिरेल इतकं आवळू नये. वाट अडली की डबा भरत नाही.

अडचण अशी की सीटखाली डोकावलं तर एकसारखे काळे पाच-सहा पाइप दिसतात आणि हलत्या लाटांवर त्यातला नेमका कुठला ते ओळखता येत नाही. म्हणून हे काम घरी, वाहन ट्रेलरवर असताना करायचं. पुस्तिका बघून पाइप ओळखायचा आणि त्याला लाल टेप गुंडाळून ठेवायची. क्लॅम्पही त्याच पाइपाजवळ अडकवून ठेवायचा. सीट उघडली की पेट्रोलचा वास जाईपर्यंत थांबायचं, आणि काम झालं की सीट लगेच बसवायची, नाहीतर लाटेचं पाणी वरून आत.

दोर नाकाजवळच्या कडीलाच बांधायचा, हँडलला नाही. तो लांब हवा. दोन्ही वाहनांच्या लांबीची बेरीज करून तिप्पट करायची, असा एक ठोकताळा आहे. दोन जेट स्की असतील तर वीसेक मीटर. आखूड दोर असेल तर पुढचा थांबल्यावर मागचा त्याच्या पाठीत घुसतो. दोर ढिला पडू द्यायचा नाही. ओढणारीसुद्धा जेट स्कीच असेल तर ढिला दोर तिच्या जाळीत ओढला जातो आणि मग दोघेही हात वर करून बसतात.

आणि वेग. क्लॅम्प नसेल तर ताशी ८ पेक्षा एक किलोमीटरसुद्धा जास्त नाही. काही मॉडेलांना पाइप दाबल्यावर थोडा जास्त वेग चालतो, तो आकडा ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत बघावा. बोटवाल्यांच्या हिशोबात ८ किलोमीटर म्हणजे सव्वाचार नॉट. मोठ्या बोटी नुसत्या गियरमध्ये टाकल्या तरी त्याच्या आसपास जातात, तेव्हा चालकानं मधूनमधून न्यूट्रल करावं लागतं. कंटाळवाणं आहे. पण एक किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतात, इंजिन उतरवायला आठवडे.

किनाऱ्यावर आल्यावर क्लॅम्प काढायला विसरू नका. तो तसाच ठेवून इंजिन सुरू केलं तर थंड करायला पाणीच नाही, आणि पाण्यापासून वाचवलेलं इंजिन उष्णतेनं जातं.

"आम्ही तर नेहमीच अशी ओढतो"

हे वाक्य किनाऱ्यावर प्रत्येकजण म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. अंतर कमी असेल, वेग बेताचा असेल, डबा पूर्ण भरायच्या आत किनारा आला असेल, तर काही होत नाही. कधी थोडं पाणी जातं, इंजिन खोकत सुरू होतं आणि गंज आतून हळूहळू काम करतो. दोन महिन्यांनी ते बसतं तेव्हा कुणाला तो दोर आठवत नाही.

"आमच्या जेट स्कीला मोटारीसारखा कूलंट आहे"

सी-डूसारख्या काही वाहनांत इंजिनासाठी खरंच बंद कूलिंग असतं. बाहेरचं पाणी इंजिनाच्या अंगात जात नाही. पण एक्झॉस्ट थंड करायला त्यांनाही बाहेरचंच पाणी लागतं. धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. पुस्तिका सांगेल त्याप्रमाणं वागावं.

"मग कंपनी त्या पाइपाला कॉक का देत नाही?"

माझ्या मित्राचा हा शेवटचा बाण. असे कॉक बाजारात मिळतात आणि लोक बसवूनही घेतात. पण कॉक बंद करणारा माणूस तो उघडायला विसरतो. क्लॅम्प निदान डोळ्यांना खुपतो. मला विचाराल तर मी क्लॅम्पच्या बाजूचा आहे. मित्र अजून कॉकच्या बाजूचा आहे आणि लेथवर स्वतः एक बनवणार आहे म्हणे.

हीच गोष्ट नळाखालीही

समुद्रातून आल्यावर जेट स्की गोड्या पाण्यानं आतून धुतात. तेव्हा आधी इंजिन सुरू करायचं, मग लगेच नळ सोडायचा. बंद करताना उलट, आधी नळ, काही सेकंदांनी इंजिन. कित्येक पोरं हे पाठ केल्यासारखं करतात, कारण विचारलं तर सांगता येत नाही. कारण तेच. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर डबा भरतो, आणि बाहेर ढकलायला धूर नसतो. जेट स्की उलटली तर ती कुठल्या बाजूनं सरळ करायची याचं बाणाचं स्टिकर मागं लावलेलं असतं, त्यामागंही हाच विचार आहे. चुकीच्या बाजूनं फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरकडं घरंगळतं.

पाणी गेलंच तर

स्टार्टरला हात लावायचा नाही. आधी सगळे प्लग काढायचे. प्लगच्या वायरी अशा ठेवायच्या की ठिणगी उडून पेट्रोलच्या वाफेला लागणार नाही. मग थोडा थोडा वेळ स्टार्टर मारून पाणी भोकातून बाहेर काढायचं, तोंड तिथं न्यायचं नाही. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल बघायचं. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी खाली उतरलंय, ऑइल बदलायचं, गरज पडली तर दोनदा. सिलिंडरमध्ये तेल फवारायचं आणि शक्य तितक्या लवकर इंजिन चालवून आतला ओलावा घालवायचा. हे त्याच दिवशी व्हायला हवं. 'सोमवारी बघू' म्हटलं की खारं पाणी रविवारभर काम करतं.

कोल्हापूरला याचं काय?

रंकाळ्यात आपण जेट स्की ओढायला जाणार नाही, मान्य. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघालं की शहराच्या सखल भागातल्या गाड्यांची तीच गत होते. फक्त वाट वेगळी. गाडीत पाणी बहुतेक वेळा हवा घेण्याच्या तोंडातून, एअर फिल्टरमार्गे जातं. पुढचा अर्धा कटिंग पाण्याचा हिशोब मात्र तोच.

पाण्यात गाडी बंद पडली की आपल्याकडं पहिली हाक असते, "धक्का द्या रे!" गाडी सेकंड गियरमध्ये, चौघं मागून ढकलतात, क्लच सोडला की चाकं इंजिन फिरवतात. आत पाणी असेल तर या चौघांचा आणि धावत्या गाडीच्या वजनाचा सगळा जोर त्या एका रॉडवर. ट्रॅक्टरनं ओढताना गाडी गियरमध्ये राहिली तरी तेच होतं. तेव्हा गाडी न्यूट्रलला टाकून, चावी स्टार्टपर्यंत न फिरवता, हळू ओढून कोरड्या जागी न्यायची. ऑटोमॅटिक असेल तर सरळ दुसऱ्या गाडीवर चढवून. मग प्लग काढून बघायचे, आणि डिझेल गाडी असेल तर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. ते होईपर्यंत चावी ड्रायव्हरच्या खिशात न ठेवलेलीच बरी, कारण 'एकदा मारून बघू' हा मोह फार वाईट.